हरणारी टीम आणि गाडीतला रेडिओ: शिकागोत नवीन आलेल्यांसाठी व्हाइट सॉक्स ऐकायची गाईड

शिकागोत नवीन आलं की आधी गाडी येते, गाडीपाठोपाठ ट्रॅफिक येतो आणि ट्रॅफिकमध्ये बसलं की प्रश्न पडतो, ऐकायचं काय. ऑफिस शॉमबर्गला, घर नेपरव्हिल नाहीतर ऑरोराला, दिवसाचे दीड-दोन तास गाडीतच. गाणी ऐकून होतात, पॉडकास्ट ऐकून होतात, आईला फोन लावावा तर संध्याकाळी पाचला निघताना तिकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. मी २०१६ ला आले आणि तीन-चार वर्षं अशीच काढली. मग एक दिवस चुकून एएमचं बटण दाबलं गेलं आणि एक माणूस भांडताना ऐकू आला, म्हणजे अगदी एसटी स्टँडवर कंट्रोलरशी भांडतात तसा, कुठल्याशा पिचरला लवकर बाहेर काढला म्हणून. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं पण भांडण बरोबर कळत होतं. तेव्हापासून ऐकतेय.

माझं एक ठाम मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. नवीन माणसाने टीम हरत असतानाच रेडिओ ऐकायला लागावं. जिंकणाऱ्या टीमच्या चर्चेत नुसती आरती चालू असते, त्यातून आपल्याला काही समजत नाही. टीम हरायला लागली की लोक मुळापासून बोलतात, हा प्लेअर कधी घेतला, किती डॉलरला घेतला, कोणाला सोडून घेतला, मालक कसा, मालकाचा मागचा मॅनेजर कसा, सगळं रोज नव्याने उगाळतात, आणि आपली फुकटात शिकवणी होते. आणि हरण्याच्या बाबतीत शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल टीमचा २०२४ चा सीझन म्हणजे गाईडबुकच आहे, १६२ मॅचपैकी ४१ जिंकल्या आणि १२१ हरल्या, १९०० पासून पुढे कुठल्याच टीमने एका सीझनमध्ये इतक्या मॅच हरलेल्या नाहीत. म्हणून सगळी उदाहरणं मी तिथलीच देणार आहे.

पायरी १: एएम शोधा

हसू नका, माझ्या टीममधल्या नवीन मुलाला एएम म्हणजे सकाळची वेळ वाटली होती. गाडीच्या स्क्रीनवर एफएमच्या शेजारी असतं ते. काही इलेक्ट्रिक गाड्यांमधून कंपन्यांनी एएम काढून टाकलंय, तशी गाडी असेल तर फोनवरचं अ‍ॅप. बाकीच्यांनी दोन नंबर सेव्ह करायचे, ६७० म्हणजे द स्कोअर आणि १००० म्हणजे ईएसपीएन १०००. दोन्ही ५०,००० वॉटची स्टेशनं, आणि रात्री एएमच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात त्यामुळे अंधार पडल्यावर ही स्टेशनं शेजारच्या राज्यांतसुद्धा लागतात. आयोवातून रात्री परत येताना मी अर्धा रस्ता ऐकत आलेय, मधे खरखर, मधे दुसऱ्याच कुठल्या स्टेशनवरचा पाद्री, पण ऐकू येतं. उलट डाउनटाउनला लोअर वॅकरच्या बोगद्यात शिरलात की कॉमेंट्री ठप्प, आणि नेमकं बेसेस फुल, म्हणजे धावणाऱ्यांचे तिन्ही थांबे भरलेले, असतानाच तुम्ही तिथे असता हा माझा नियम आहे.

नुसत्या खेळावर दिवसभर बडबड करणारं स्टेशन ही कल्पना तशी फार जुनी नाही. न्यूयॉर्कला डब्ल्यूएफएएन १९८७ मध्ये सुरू झालं ते पहिलं, आणि शिकागोचं द स्कोअर १९९२ मध्ये. तेव्हा ते ८२० वर होतं आणि परवानगी फक्त दिवसाची, म्हणजे सूर्य मावळला की स्टेशन बंद. विचार करा, डिसेंबरमध्ये इथे साडेचारला अंधार पडतो, तेव्हाच लोक ऑफिसातून निघतात आणि तेव्हाच भांडण बंद.

आता एक गोंधळ आधीच सोडवून टाकते. या गावात बेसबॉलच्या टीम दोन, नॉर्थ साइडचे कब्ज आणि साउथ साइडचे व्हाइट सॉक्स. कब्जच्या मॅचची कॉमेंट्री ६७० वर असते आणि सॉक्सची १००० वर. पण गप्पा दोन्हीकडे दोन्हींच्या चालतात, त्यामुळे ६७० वर सॉक्सना शिव्या पडताना ऐकलं तर चुकीचं स्टेशन लावलं असं समजू नका.

अ‍ॅपवर ऐकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गप्पा अ‍ॅपवर फुकट असतात पण मॅचच्या वेळी हक्कांचा प्रश्न येऊन तिथे कधीकधी भलतंच काहीतरी लागतं, मॅच हवी असेल तर एमएलबीच्या, म्हणजे मेजर लीग बेसबॉलच्या, अ‍ॅपची वर्गणी भरा नाहीतर सरळ एएम लावा, एएमला पैसे नाहीत. आणि अ‍ॅपवरचं बरंच मागे चालतं, शेजारी ओरडला की समजायचं आपल्या फोनमध्ये थोड्या वेळाने होमरन, म्हणजे आपला सिक्सर, होणार आहे.

पायरी २: दिवसाचं टाइमटेबल समजून घ्या

सकाळचा शो ऑफिसला जाताना, त्यात काल रात्रीची मॅच सोलली जाते. दुपारचा शो जरा निवांत. मग परतीच्या वेळेचा शो, हा सगळ्यात जास्त ऐकला जातो, २०२४ मध्ये ईएसपीएन १००० वर या वेळेला टॉम वॉडल आणि मार्क सिल्व्हरमन असायचे, त्यातला वॉडल पूर्वी शिकागो बेअर्समध्ये अमेरिकन फुटबॉल खेळलेला. संध्याकाळी सातच्या आसपास मॅच. मॅच संपली की लोकांचे फोन, आणि खरा माल इथे आहे. तुमच्याकडे दिवसाला अर्धाच तास असेल तर बाकीचं सगळं सोडा आणि हरलेल्या मॅचनंतरचा हा अर्धा तास ऐका.

सॉक्सची रेडिओ कॉमेंट्री त्या सीझनला लेन कॅस्पर आणि डॅरिन जॅक्सन करत होते. कॅस्पर म्हणजे आधी वर्षानुवर्षं कब्जचा टीव्हीवरचा आवाज, तो टीव्ही सोडून आणि टीमही बदलून २०२१ पासून सॉक्सच्या रेडिओवर आला, लोकांना वाटलं याचं डोकं फिरलंय का. पण ऐकून बघा. चेंडू कुठे गेला, कोण धावतोय, वारा कुठला, सगळं डोळ्यांसमोर उभं करतो. माझ्या बाबांना मी एकदा फोन गाडीच्या स्पीकरपाशी धरून ऐकवलं, इंग्लिश फारसं पोचलं नाही पण म्हणाले, "आमच्या बाळ पंडितांसारखा आहे गं, घाई नाही करत." आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेट ऐकलेल्या माणसाकडून याहून मोठं सर्टिफिकेट नसतं.

जाहिराती सहन कराव्या लागतात. खिडक्या बदला, छप्पर बदला, अ‍ॅक्सिडेंट झाला तर आमच्या वकिलाला फोन करा, आणि मग बेटिंग. इलिनॉयमध्ये बेटिंग कायदेशीर आहे आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी गोड आवाजात सांगतं की पहिली बेट आमच्यातर्फे. हात लावू नका. मी अजून जास्त काही बोलत नाही.

आणि बेअर्स. ही शिकागोची फुटबॉल टीम, आणि रेडिओची सगळ्यात लाडकी. सॉक्स इतिहासातला सगळ्यात वाईट सीझन खेळत होते आणि ऑगस्टमध्ये रेडिओवर काय चाललेलं, तर बेअर्सचा नवा प्लेअर केलेब विल्यम्स प्रॅक्टिसला कसा दिसतोय. सॉक्सवाल्यांना हरण्याहून याचाच जास्त राग येतो, आम्ही रेकॉर्ड मोडतोय तरी आमच्याकडे कोणी बघत नाही.

पायरी ३: खेळ जेवढ्यास तेवढाच शिका

क्रिकेट येतंय ना, मग अर्धं आलं. नऊ इनिंग, प्रत्येक टीम प्रत्येक इनिंगमध्ये एकदा बॅटिंग करते, तीन आउट झाले की बाजू बदलते. चार बेस म्हणजे चार थांबे, सगळे पळून झाले की एक रन. पिचर म्हणजे बोलर पण चेंडूचा टप्पा पडत नाही. सुरुवात करणारा पिचर दमला की मागून जे येतात ते सगळे मिळून बुलपेन, आणि शेवटची इनिंग सांभाळायला येतो तो क्लोजर. आपण पुढे असताना बुलपेनने मॅच घालवली की रेडिओवर त्या रात्री बाकी विषयच नसतो. इतकं पुरे. इ.आर.ए. आणि वॉर वगैरे आकडे सहा महिन्यांनी आपोआप समजतात, आत्ता त्याच्या मागे लागू नका, मी लागले होते, एक्सेल शीट केली होती, नवऱ्याने अजून विसरू दिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात बसवा. १६२ मॅच असतात. एक हरलो म्हणजे काहीच झालेलं नसतं. २०२४ ला वर्ल्ड सीरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकलेल्या लॉस एंजेलिस डॉजर्सनीसुद्धा त्या सीझनमध्ये ६४ मॅच हरल्या होत्या. भारत एक मॅच हरला की आपल्याकडे घरात जेवण जात नाही, तो हिशोब इथे लावलात तर उपाशी मराल. साधारण टीम ऐंशीच्या आसपास हरते. शंभर हरली तर लाजिरवाणं. १२१ म्हणजे काय ते आता कळलं असेल. त्या सीझनमध्ये सॉक्सनी रन्स केल्या ५०७ आणि दिल्या ८१३.

नियम समजून घ्यायचे तर वादाच्या दिवशी रेडिओ लावा. २३ मे २०२४, बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध, सॉक्स ६-८ ने मागे, शेवटची इनिंग, एक आउट, दोन माणसं बेसवर. बॅटरने चेंडू उंच उडवला तो तिथेच, मैदानाच्या आतल्या भागात. अशा वेळी फील्डरने कॅच मुद्दाम सोडून दोघांना आउट करू नये म्हणून नियम असा की बॅटर आधीच आउट, याला इनफिल्ड फ्लाय म्हणतात. इथवर ठीक. पण सेकंड बेसवरचा अँड्र्यू व्हॉन शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसमधल्या फील्डरच्या, वाटेत आला असं अंपायरने ठरवलं आणि त्यालाही आउट दिला, कॅच तर व्यवस्थित झाला होता. एका चेंडूवर दोन आउट आणि मॅच संपली. आपल्याकडच्या फील्डरला अडथळा आणल्याबद्दल आउट देतात त्यातला प्रकार. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी हा नियम इतक्या वेळा ऐकला की मला झोपेतून उठवून विचारा, कलमासकट सांगेन. जिंकलेल्या मॅचमध्ये हे कोणी समजावलं असतं का सांगा.

पायरी ४: टीमची कुंडली पाठ करा

ही पायरी मोठी आहे पण ही चुकवलीत तर फोन करणारे नक्की कशावर चिडलेत ते कळणार नाही.

२००५ ला सॉक्स वर्ल्ड सीरीज जिंकले, ओझी गियेन मॅनेजर (म्हणजे आपल्याकडचा कोच), १९१७ नंतर पहिल्यांदा. सॉक्सचा प्रत्येक माणूस बोलता बोलता २००५ वर येतोच, आपल्याकडे १९८३ आणि कपिल देव येतात तसं. पुढे टीम ढेपाळली आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये ठरलं की सगळं मोडून नव्याने बांधायचं, याला रीबिल्ड म्हणतात. म्हणजे आजचे चांगले प्लेअर दुसऱ्यांना द्यायचे, बदल्यात त्यांची होतकरू पोरं घ्यायची, चार-पाच वर्षं हरायचं आणि मग पोरं मोठी झाली की जिंकायचं. ख्रिस सेल हा त्यांचा सगळ्यात भारी पिचर बॉस्टनला दिला. पोरं आली, हरणं झालं, २०२१ ला ९३ मॅच जिंकून डिव्हिजनही, म्हणजे आपला गटही, जिंकली. लोक म्हणाले झालं, आता दहा वर्षं आपली.

२०२२ ला ८१ जिंकल्या ८१ हरल्या. २०२३ ला १०१ हरल्या.

का, यावर रेडिओवर किती तास गेलेत त्याला हिशोब नाही. मधल्या काळात मालकाने ७६ वर्षांच्या टोनी ला रुसाला मॅनेजर म्हणून परत आणलं होतं, ते एक कारण देतात. पोरं सारखी दुखापतग्रस्त, ते दुसरं. आणि पैसे खर्च न करणं, हे सगळ्यात लाडकं. शिकागोसारखं मोठं गाव, आणि टीमने तोवर दिलेलं सगळ्यात मोठं कॉन्ट्रॅक्ट होतं अँड्र्यू बेनिंटेंडीचं, पाच वर्षांचे साडेसात कोटी डॉलर. ऐकायला आपल्याला भरपूर वाटतं, पण या धंद्यात मोठी गावं याच्या कितीतरी पट देतात. मालक जेरी राइन्सडॉर्फ, १९८१ पासून टीम त्याच्याकडे, बास्केटबॉलचे बुल्सही त्याचेच. "सेल द टीम" अशी घोषणा ऐकू आली तर ती त्याच्यासाठी असते, टीम विका आणि जा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याने वरची दोन माणसं काढली आणि आतल्याच क्रिस गेट्झला जनरल मॅनेजर, म्हणजे प्लेअर घेणं-सोडणं बघणारा, केलं, त्यावरही फोन करणारे खवळले होते, आपल्याकडे संस्थेत घोटाळा झाला की चेअरमन त्याच संचालक मंडळातला नवा चेअरमन बसवतो तसं हे, असं मी नवऱ्याला समजावलं, त्याला लगेच कळलं, सांगलीचा आहे.

आणि मग २०२४. पहिल्या २५ मॅचमध्ये ३ जिंकल्या. मे-जूनमध्ये सलग १४ हरल्या, टीमच्या इतिहासात एका सीझनमधला तोवरचा सगळ्यात वाईट पट्टा. जुलैत अदलाबदलीची मुदत संपायच्या आत जे दोन-चार बरे होते त्यातले एरिक फेडी, टॉमी फॅम, मायकल कोपेक देऊन टाकले, आणि कोपेक म्हणजे सेलच्या बदल्यात आलेल्या पोरांपैकीच एक, म्हणजे रीबिल्डमधून जे मिळालं तेही गेलं. त्याच सुमाराला सलग २१ हरल्या. एकवीस! जवळजवळ चार आठवडे एकही जिंकली नाही. शेवटी ६ ऑगस्टला ओकलंडला ५-१ ने जिंकले, आणि दोन दिवसांनी मॅनेजर पेड्रो ग्रिफोलला काढलं.

पायरी ५: दोन आठवडे नुसतं ऐका

लगेच फोन करायला धावू नका. आधी माणसं ओळखायला शिका. प्रत्येक जण नावाने आणि गावाने ओळखला जातो, ओक लॉनचा अमुक, टिनली पार्कचा तमुक, आणि महिन्याभरात तुम्हाला ती ओळखू यायला लागतात, वाड्यातल्या भाडेकरूंसारखी. एक असतो जो म्हणतो आजोबांपासून आमच्याकडे सीझन तिकिटं आहेत, यंदा सोडतोय, आणि हे तो दर वर्षी म्हणतो. एक असतो अदलाबदलीवाला, आपले पाच टाकाऊ द्या आणि त्यांचा एक हिरा घ्या असा त्याचा प्लॅन, होस्ट विचारतो समोरची टीम हे का करेल, की फोन शांत. मधेच एखादा कब्जवाला खोड काढायला येतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एखादा म्हातारा जो चिडतच नाही, हळू आवाजात सांगतो की बायको गेल्यापासून संध्याकाळी मॅचच ऐकतो, आता ते पण नको वाटतं. होस्टसुद्धा दोन सेकंद गप्प होतो. रेडिओवर दोन सेकंद म्हणजे खूप असतात हो.

या दोन आठवड्यांत भाषाही कानावर पडते. सुरुवातीला "फर्स्ट टाइम, लाँग टाइम" म्हणायचं, म्हणजे ऐकतोय कधीपासून पण फोन आज पहिला. शेवटी "आय विल हँग अप अँड लिसन", म्हणजे मी ठेवतो, उत्तर रेडिओवर ऐकतो. ही दोन वाक्यं आली की निम्मा पासपोर्ट मिळाला.

पायरी ६: फोन करा

गाडी बाजूला लावा. इलिनॉयमध्ये चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे, आणि हँड्सफ्री असलं तरी भांडताना गाडी चालवू नये असं माझं मत. आधी होस्ट नाही लागत, स्क्रीनर लागतो, म्हणजे फोन घेणारा पोरगा. तो विचारतो नाव काय, कुठून, काय बोलायचंय. एका वाक्यात सांगा. तीन मुद्दे सांगितलेत तर तिथेच मेलात. मग होल्ड. होल्डवर अर्धा तासही जातो, शो फोनमधूनच ऐकू येत राहतो, बॅटरी बघून बसा.

आणि रेडिओ बंद करा! हे मी अनुभवाने सांगते. प्रसारण काही सेकंद उशिराने सोडतात, कोणी शिवी घातली तर कापता यावी म्हणून, त्यामुळे गाडीतला रेडिओ चालू राहिला तर तुमचाच आवाज मागून येतो आणि तुम्ही स्वतःशीच अडखळायला लागता. ग्रिफोलला काढलं त्या आठवड्यात मी एका स्टेशनला पहिला फोन केला. माझं नाव मुग्धा. स्क्रीनरला तीनदा सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, तो म्हणाला गॉट इट. बावीस मिनिटं होल्डवर, तळहात घामाने ओले, आणि मग होस्टचा आवाज, "मॅगी इन ऑरोरा, यू आर ऑन." मला वाटलं दुसरी कोणीतरी आहे. परत म्हणाला, मॅगी, आर यू देअर? मग पेटली. इतका वेळ पाठ केलेलं सगळं विसरले, वर मागून रेडिओतून कोणीतरी मॅगी मॅगी करतंय, शेवटी तोंडातून निघालं ते इतकंच की हेडमास्तर बदलून शाळेचं छप्पर गळायचं थांबत नाही. इंग्लिशमध्ये कसं म्हटलं आठवत नाही. होस्ट हसला आणि म्हणाला, मॅगी, रेडिओ बंद कर. पण पुढच्या कॉलरला त्याने छप्पर धरूनच प्रश्न विचारला, म्हणजे पोचलं कुठेतरी. घरी अजून मॅगी म्हणतात मला.

तुमचं नाव मोठं असेल तर घरूनच एक छोटं ठरवून जा, नाहीतर ते ठरवतील. आणि काहीही झालं तरी रेडिओवर क्रिकेट समजावायला जाऊ नका.

पायरी ७: एकदा स्टेडियमला जा, तेही हरत असतानाच

नेपरव्हिल-ऑरोराकडून बीएनएसएफची मेट्रा ट्रेन पकडून युनियन स्टेशन, तिथून चालत जॅक्सनला, मग रेड लाइनने सॉक्स-३५थ. उतरलं की समोरच. चुकून उलट दिशेची रेड लाइन पकडलीत तर अ‍ॅडिसनला कब्जच्या दारात पोचाल, दोन्ही टीम एकाच लाइनीवर आहेत. स्टेडियमचं नाव सारखं बदलतं, २०२४ ला गॅरंटीड रेट फील्ड होतं, आता नुसतं रेट फील्ड, जुनी माणसं अजून कोमिस्की म्हणतात. हरत्या टीमचं मधल्या वारचं तिकीट स्वस्त मिळतं आणि पुढे बसायला मिळतं. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय त्यामुळे मॅच साधारण अडीच-पावणेतीन तासांत उरकते, तरी परतीची शेवटची मेट्रा बघूनच निघा.

खायचं काय तर एलोते. मेक्सिकन पद्धतीचं मक्याचं कणीस, दाणे काढून कपात, वर बटर, मेयो, चीज, लिंबू, तिखट. पहिला घास घेतला आणि महाबळेश्वरचा पॉइंट आठवला, फक्त मेयो कमी सांगा आणि तिखट जास्त. २०२४ ला तिथला कॅम्पफायर मिल्कशेक टीमपेक्षा फेमस झाला होता, ही त्या सीझनची खरी कथा आहे.

याच जागेच्या शेजारी जुनं कोमिस्की होतं, आणि रेडिओ आणि सॉक्स यांचं नातं किती टोकाला जाऊ शकतं ते तिथे १२ जुलै १९७९ ला दिसलं. स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओवाल्याला डिस्को संगीत आवडायचं नाही. डिस्कोची रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या, दोन मॅचच्या मधे सगळ्या रेकॉर्ड स्फोट करून उडवू, अशी योजना. टीम तेव्हाही हरतच होती, गर्दी जमवायची होती. उडवल्या, मैदानाला खड्डा पडला, हजारो लोक मैदानात घुसले आणि दुसरी मॅच सॉक्सना न खेळता द्यावी लागली.

मी स्वतः २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात तिकीट काढलं नाही, त्याचं वाईट वाटतं. १२० हरून झालेल्या, १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा तोवरचा रेकॉर्ड आकडा गाठलेला, आणि २४ सप्टेंबरला एंजल्सविरुद्ध घरी मॅच, आज हरले की रेकॉर्ड. मी इंडियन ग्रोसरी करून घरी आले, डिकीत फ्रोजन पराठे आणि दोन डबे आइस्क्रीम, गॅरेजपुढे गाडी उभी करून ऐकत बसले कारण आत गेलं की पोरं काही ऐकू देत नाहीत. आठव्या इनिंगपर्यंत ०-२. मागून लोकांचं "सेल द टीम" स्पष्ट ऐकू येतंय. आणि मग या टीमला काय झालं कोणास ठाऊक, त्याच इनिंगमध्ये तीन रन्स केल्या. ३-२ ने जिंकले! रेडिओतून जो आवाज येत होता त्यात आनंद किती आणि निराशा किती ते मला अजून सांगता येणार नाही, अर्धे लोक इतिहास बघायला आलेले. एंजल्सना तिन्ही मॅच हरवल्या. मग डेट्रॉइटला जाऊन २७ तारखेला १२१ वी हरले, आणि त्याच मॅचने डेट्रॉइट प्लेऑफला गेलं, म्हणजे आमचं रेकॉर्ड होताना समोरचे शॅम्पेन उडवत होते. शेवटच्या दोन मॅच परत जिंकले, वेडेच. आइस्क्रीमचं त्या रात्री मिल्कशेक झालं होतं हे वेगळं सांगायला नको.

पायरी ८: हिवाळ्यात रेडिओ बंद करू नका

ऑक्टोबरनंतर मॅच नसतात पण राग असतो. २०२४ च्या हिवाळ्यात दोन गोष्टींवर फोन पेटले. सगळ्यात वाईट टीमला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन पोरं निवडताना, वरचा नंबर मिळेल असं तुम्हाला वाटेल ना? नियम असा आहे की मोठ्या बाजारपेठेच्या टीमला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीत, म्हणजे वरच्या नंबरांच्या सोडतीत, नंबर नाही, म्हणून १२१ हरूनही सॉक्सना दहावा नंबर. आणि दुसरं, उरलेला एकमेव हिरा गॅरेट क्रोशे, ज्याने त्या पडक्या टीममध्ये २०९ स्ट्राइकआउट काढल्या, म्हणजे इतक्या बॅटरना चेंडू मारूच न देता आउट केलं, तो चार पोरांच्या बदल्यात दिला. कोणाला? बॉस्टनला. सेलवेळीही बॉस्टन, आठ वर्षांनी परत बॉस्टन. त्या दिवशी ट्रॅफिक नव्हता तरी मी लांबच्या रस्त्याने घरी आले.

२०२५ ला नवा मॅनेजर विल वेनेबल, आणि मे महिन्यात अचानक नवीन पोप निघाला शिकागोचा. आधी बातमी आली की तो कब्जचा फॅन आहे, कब्जवाले नाचायला लागले, मग त्याच्या भावाने सांगितलं, छे, सॉक्सचा. २००५ च्या वर्ल्ड सीरीजच्या पहिल्या मॅचला स्टेडियममध्ये बसलेला त्याचा व्हिडिओसुद्धा सापडला. दोन दिवस रेडिओवर बेअर्सचं नाव नाही! मी बाबांना सकाळी ऑफिसला जाताना फोन केला, तिकडे संध्याकाळचा चहा चाललेला, सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं मग, आता तरी जिंकतील का?"

त्या वर्षी १०२ हरल्या. आणि मॅचनंतर फोन करणारे चक्क खुशीत होते, मागच्यापेक्षा एकोणीस कमी म्हणून.